झडप मोकळीक, लहान एंजिनांतील

चार धावांच्या अंतर्ज्वलन-एंजिनात झडप पूर्ण मिटलेली असताना तिच्या दांड्याचे टोक आणि तिला ढकलणारा भाग यांच्यामध्ये मुद्दाम ठेवलेल्या बारीक फटीस झडपेची मोकळीक म्हणतात. कारखान्यातील व रस्त्यावरील कारागीर या फटीची तपासणी व जुळवणी करण्याच्या कामाला ‘टॅपेट लावणे’ असे म्हणतात. ही फट लहान एंजिनांत सामान्यतः ०·०५ ते ०·४५ मिमी. एवढीच असते. तथापि एंजिनाची शक्ती, इंधनाचा खप, ते सुरू होण्यातील सुलभता आणि झडपांचे आयुष्य या सर्व गोष्टी तिच्यावर अवलंबून असतात. झडपा यांत्रिक रीतीने उघडण्यास सुरुवात झाली तेव्हापासून या मोकळिकीचा प्रश्न निर्माण झाला. तो निरनिराळ्या काळांत कसा सोडविला गेला, हे पाहिले असता लहान एंजिनाच्या जडणघडणीचा इतिहासच समोर येतो.

तत्त्व : एंजिन चालू असताना निष्कास झडपेवरून जळालेले तप्त वायू वाहत असतात. त्यामुळे तिच्या तबकडीचे तापमान ७००° से. किंवा त्याहून अधिक होऊ शकते. तापलेला दांडा लांबतो. १०० मिमी. लांबीच्या पोलादी दांड्याचे सरासरी तापमान ३००° से.ने वाढले, तर त्याची लांबी सु. ०·३६ मिमी.ने वाढते. सिलिंडर व त्याचे शीर्ष हेही तापून वाढत असल्यामुळे या वाढीचा काही भाग आपोआप भरून निघतो. परंतु सर्व भाग सारखे तापत नाहीत व ते एकाच धातूचे नसतात. उरलेल्या फरकासाठी थंड स्थितीत फट ठेवावी लागते. चूषण झडपेवरून थंड मिश्रण आत येत असल्याने ती कमी तापते. म्हणून बहुतेक एंजिनांत तिची मोकळीक निष्कास झडपेपेक्षा कमी असते.

मोकळीक फार कमी झाली, तर तापलेली झडप आपल्या बैठकीवर पूर्ण टेकत नाही. झडपेतील उष्णतेचा सर्वांत मोठा वाटा बैठकीमार्गेच सिलिंडर शीर्षात जातो. ही वाट बंद झाली म्हणजे झडप आणखी तापते, तापल्याने आणखी लांबते व तिच्या कडेवरून ज्वाला निसटू लागते. अखेर कडेचा एखादा भाग जळून जातो. उलट मोकळीक फार वाढली, तर झडप उशिरा उघडते, लवकर मिटते आणि कमी उचलली जाते. सिलिंडर पुरेसा भरत नाही, आघात वाढून भाग झिजतात व एंजिन टकटक आवाज करते. या दोन दोषांमधील भेद महत्त्वाचा आहे. जास्त मोकळीक स्वतःची सूचना देते. कमी मोकळीक मात्र निमूटपणे नुकसान करते. झडपांचा आवाज अजिबात येत नाही म्हणजे एंजिन उत्तम आहे, असा जो समज सामान्यतः आढळतो, तो याच कारणाने अनेकदा महागात पडतो.

आरंभीची एंजिने : निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये जर्मनीतील डॉइट्स येथे चार धावांचे एंजिन सिद्ध केले. त्यात वायूमिश्रण आत घेण्याचे व ते पेटविण्याचे काम सरकत्या झडपेकडे होते. हे एंजिन आकाराने मोठे व गतीने मंद होते. गोटलीप डाइमलर व व्हिल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये जे लहान उभे एंजिन तयार केले, ते दर मिनिटास सु. ६०० फेरे करी. त्या काळाच्या मानाने ही गती फारच मोठी होती. या एंजिनात चूषण झडप आपोआप उघडे. दट्ट्या खाली जाताना सिलिंडरात निर्माण होणारा कमी दाबच हलक्या स्प्रिंगेवर मात करून तिला उघडीत असे. निष्कास झडप मात्र प्रचक्रातील वक्र खाचेतून चालणाऱ्या दांड्याने उचलली जाई.

हीच पद्धत फ्रान्समधील द दियाँ-बूताँ यांच्या १८९५ च्या हलक्या एंजिनातही होती. सु. १३७ घ. सेंमी. धारणेचे हे एंजिन दर मिनिटास सु. १,५०० फेरे करू शके. तिचाकी गाड्यांत व पुढे मोटारसायकलींत त्याचा मोठा प्रसार झाला व अनेक कारखान्यांनी त्याचे अनुकरण केले. आपोआप उघडणाऱ्या झडपेला ढकलणारा भाग नसल्याने तिला मोकळीक ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. जुळवणी करावयाची ती केवळ निष्कास झडपेची. परंतु या सोयीची किंमत मोठी होती. झडप उघडण्यासाठी सिलिंडरात दाब बराच कमी व्हावा लागे व त्यामुळे मिश्रण कमी भरले जाई. गती वाढली, की स्प्रिंग व झडप मागे पडत. अमेरिकेतील हार्ली-डेव्हिडसन कारखान्याने १९०९ मध्ये दोन सिलिंडरांचे एंजिन अशाच झडपांसह काढले. ते समाधानकारक न ठरल्याने १९११ मध्ये यांत्रिक चूषण झडपा बसवून त्याची सुधारित आवृत्ती काढण्यात आली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत आपोआप उघडणारी झडप जवळजवळ नाहीशी झाली. दोन्ही झडपा कॅमच्या ताब्यात आल्या आणि प्रत्येक सिलिंडरामागे दोन फटी सांभाळण्याचे काम एंजिन बाळगणाऱ्यावर आले.

बाजूच्या झडपा : यानंतरची सु. चाळीस वर्षे लहान एंजिनांत बाजूच्या झडपांची रचना प्रमुख होती. हीत झडपा सिलिंडराच्या शेजारी, तोंड वर करून उभ्या असतात व कॅम त्यांना खालून उचलतो. मध्ये लांब दांडा किंवा तरफ नसल्याने भाग कमी लागतात व बनविण्याचा खर्च कमी येतो. काही एंजिनांत उचलकाच्या माथ्यावर स्क्रू व नट बसवून मोकळीक जुळविण्याची सोय केलेली असे. स्वस्त एंजिनांत तीही नसे.

मिलवॉकी येथे १९०८ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या कारखान्याची एंजिने या दुसऱ्या प्रकारची उत्तम उदाहरणे आहेत. गवत कापण्याची यंत्रे, फवारणी पंप, लहान जनित्रे इत्यादींवर ती जगभर वापरली गेली. १९५३ मध्ये या कारखान्याने ॲल्युमिनियमाच्या ओतीव सिलिंडराचे हलके एंजिन काढले. त्याच्या अनेक नमुन्यांत थंड स्थितीतील मोकळीक चूषण झडपेस सु. ०·१३ ते ०·१८ मिमी. व निष्कास झडपेस सु. ०·२३ ते ०·२८ मिमी. ठरविलेली होती. ती कमी पडल्यास झडप बाहेर काढून दांड्याचे टोक घासून कमी करावे लागे. बैठक व झडपेची कड घासून नीट केल्यावर झडप खाली बसते व मोकळीक आपोआप घटते. म्हणून प्रत्येक मोठ्या दुरुस्तीनंतर हे काम अटळ असे. घासलेले टोक परत वाढविता येत नाही. हात थोडा अधिक चालला, तर झडप टाकून द्यावी लागते किंवा बैठक पुन्हा घासून ती खाली आणावी लागते. यामुळे एकदा घासणे व तीनदा मोजणे, अशी या कामाची रीत पडली.

याच एंजिनांत आणखी एक बारकावा होता. दोरी ओढून एंजिन सुरू करताना हाताला कमी जोर लागावा म्हणून चूषण कॅमवर एक बारीक उंचवटा ठेवलेला असे. तो संपीडन धावेच्या काही भागात झडप किंचित उघडी ठेवी. दट्ट्या नेमका वरच्या मृतबिंदूवर ठेवून मोजल्यास या उंचवट्यामुळे चुकीचे माप मिळण्याचा संभव असतो. म्हणून दट्ट्या मृतबिंदू ओलांडून सु. ६ मिमी. खाली आणल्यावरच माप घ्यावे, अशी सूचना कारखान्याने दिलेली होती.

माथ्यावरील झडपा : झडपा सिलिंडर शीर्षात उलट्या टांगल्या असता ज्वलन कक्ष आटोपशीर होतो, संपीडन वाढविता येते आणि त्याच इंधनात अधिक शक्ती मिळते. मात्र कॅम खाली व झडप वर असल्याने मध्ये उचलक, लांब ढकलदांडा व डोलणारी तरफ अशी साखळी येते. मोकळीक आता केवळ झडपेच्या लांबीवर नव्हे, तर या साऱ्या साखळीच्या व सिलिंडराच्या प्रसरणातील फरकावर ठरते. तरफेच्या एका टोकास स्क्रू व त्याला जखडणारा नट बसविल्याने जुळवणी सोपी झाली. झडप न काढता, एक पाना व एक पेचकस एवढ्यावर काम होऊ लागले.

धातूंच्या निवडीमुळे मापात किती फरक पडतो, हे रॉयल एन्फील्ड बुलेट या मोटारसायकलीवरून दिसून येते. १९५५ पासून मद्रास (आता चेन्नई) येथे तयार होऊ लागलेल्या या गाडीत ढकलदांडे हलक्या मिश्रधातूचे होते. एंजिन थंड असताना दांडा बोटांनी सहज फिरावा, पण वर-खाली हलू नये, एवढीच तिची कसोटी होती. म्हणजे ठेवावयाची फट जवळजवळ शून्य. दुसऱ्या एंजिनाचे माप या गाडीस लावणारा किंवा या गाडीचे माप दुसऱ्या एंजिनास लावणारा कारागीर चुकल्यावाचून राहत नसे.

शेतीवरील डीझेल एंजिने : भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, सामान्य माणसाचा झडपांशी पहिला संबंध मोटारीमुळे नव्हे, तर विहिरीवरील एंजिनामुळे आला. इंग्लंडमधील डर्स्ली येथील लिस्टर कारखान्याने १९२९ मध्ये काढलेले पाच अश्वशक्तीचे, दर मिनिटास ६०० फेरे करणारे एक सिलिंडरी डीझेल एंजिन याचे मूळ नमुनेदार उदाहरण होय. जड प्रचक्र, मंद गती आणि उघड्यावर दिसणारे ढकलदांडे यांमुळे ते खेड्यातील लोहारासही समजू शके. त्याच्या झडपांची थंड स्थितीतील मोकळीक सु. ०·४३ मिमी. होती. पुढे राजकोट येथील अनेक कारखान्यांनी याच नमुन्याची एंजिने मोठ्या प्रमाणावर तयार केली. मूळ इंग्लिश एंजिनाचे उत्पादन १९८७ मध्ये थांबल्यावरही ती बनत राहिली.

महाराष्ट्रात साताऱ्याजवळील कूपर कारखान्याने १९३० नंतरच्या दशकात डीझेल एंजिन बनविण्यास प्रारंभ केला. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल एंजिन्स या कंपनीची स्थापना झाली. तिच्या ८० मिमी. व्यासाच्या व ११० मिमी. धावेच्या, दर मिनिटास १,५०० फेऱ्यांना पाच अश्वशक्ती देणाऱ्या उभ्या एंजिनाने अनेक विहिरींवरील मोटेची जागा घेतली. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतही विद्यार्थ्यांना चाचणीसाठी हेच एंजिन बहुधा भेटे.

डीझेल एंजिनात मोकळिकीचे महत्त्व अधिक असते. पेट्रोल एंजिनात मिश्रण ठिणगीने पेटते, तेव्हा थोडी गळती असली तरी ते कसेबसे चालते. डीझेल एंजिनात इंधन पेटते ते केवळ दाबलेल्या हवेच्या उष्णतेने. झडप पूर्ण मिटत नसेल, तर हवा निसटते, तापमान पुरेसे चढत नाही व हँडल कितीही फिरविले तरी एंजिन पेट घेत नाही. हँडल मारताना दाब सोडण्यासाठी झडप उचलून धरणारी कळ या एंजिनांना असते. तिलाही स्वतःची मोकळीक असावी लागते. अन्यथा कळ सोडल्यावरही ती झडपेला किंचित धरून ठेवते. उसाचे किंवा भाजीपाल्याचे पाणी एक पाळी चुकणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या अर्ध्या मिलिमीटरहून लहान फटीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. एंजिन सुरू होत नाही म्हणून प्रथम इंधनाचा पंप खोलून पाहणे व शेवटी टॅपेट तपासणे, हा क्रम खेडोपाडी रूढ होता. त्याच्या उलट क्रमाने गेल्यास पुष्कळदा वेळ व पैसा दोन्ही वाचतात.

तपासणीची रीत : रचना कोणतीही असली, तरी कामाचा क्रम सारखाच असतो. एंजिन पूर्ण थंड असावे, कारण बहुतेक मापे थंड स्थितीतील दिलेली असतात. भुजादंड फिरवून दट्ट्या संपीडन धावेच्या अखेरीस वरच्या मृतबिंदूवर आणतात. यासाठी प्रचक्रावर खूण केलेली असते. चार धावांच्या एंजिनात दट्ट्या दोन फेऱ्यांत दोनदा या बिंदूवर येतो. त्यांपैकी निष्कास धावेच्या अखेरीस दोन्ही झडपा थोड्या उघड्या असतात व तेथे घेतलेले माप निरर्थक ठरते. खूण जुळूनही दोन्ही तरफा हाताने किंचित हलत नसतील, तर भुजादंड आणखी एक पूर्ण फेरा फिरवावा लागतो. नवशिक्यांच्या हातून होणारी सर्वांत सामान्य चूक ही हीच होय.

त्यानंतर योग्य जाडीचे पोलादी पाते, म्हणजे फीलर गेज, फटीत सरकवितात. ते किंचित अडखळत सरकले, म्हणजे माप बरोबर समजतात. स्क्रू धरून ठेवून नट आवळतात आणि पुन्हा मोजतात, कारण नट आवळताना स्क्रू फिरून माप बदलते. तरफेच्या टोकास दीर्घ वापराने खळगा पडलेला असेल, तर सपाट पाते खळग्याच्या दोन्ही कडांवर टेकते. पात्याने दाखविलेल्या मापापेक्षा खरी फट अधिक असते व आवाज जात नाही. अशा वेळी फट आणखी कमी करणे हा उपाय नसून तरफ बदलणे किंवा तिचे टोक घासून नीट करणे, हा होय.

इंधनाचा परिणाम : मोकळिकीचा संबंध इंधनाच्या रसायनाशीही आहे. टॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये टेट्राएथिल लेडचा शोधलेला उपयोग लवकरच सर्वत्र रूढ झाला. पेट्रोलात मिसळलेल्या या संयुगामुळे अकाली स्फोटन टळे. शिवाय ज्वलनातून उरलेल्या शिशाच्या संयुगांचा पातळ थर निष्कास झडपेच्या बैठकीवर बसून तिचे झिजेपासून रक्षण करी. शिसे आरोग्यास घातक असल्याने ते पुढे काढून टाकण्यात आले. भारतात शिसेरहित पेट्रोल १९९५ मध्ये चार महानगरांत व १ फेब्रुवारी २००० पासून देशभर मिळू लागले. जगातील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा अखेरचा देश अल्जीरिया; तेथेही ते २०२१ मध्ये बंद झाले. ज्या जुन्या एंजिनांत झडपेची बैठक थेट मऊ बिडातच कापलेली होती, त्यांत हा थर नाहीसा झाल्यावर बैठक झिजून झडप आत रुतू लागते. झडप रुतली, की दांड्याचे टोक तरफेकडे सरकते व मोकळीक कमी होते. अशा एंजिनांना कठीण धातूची कडी बैठकीत बसविणे किंवा मोकळीक वारंवार तपासणे, हे दोनच मार्ग उरतात. ॲल्युमिनियमाच्या शीर्षात अशी कडी मुळातच बसवावी लागत असल्याने त्या एंजिनांना याचा उपद्रव फारसा झाला नाही.

भारतीय रस्त्यावरील खंड : भारतातील दुचाकी वाहनांच्या इतिहासात या विषयाला एक मोठा खंड पडला. १९६० पासून सु. पंचवीस वर्षे येथील स्कूटरी व बहुतेक मोटारसायकली दोन धावांच्या एंजिनावर चालत. या एंजिनात सिलिंडराच्या भिंतीतील द्वारे दट्ट्याच उघडतो व मिटतो; उघडझाप करणाऱ्या झडपा, कॅम व तरफा यांची गरज नसते. पुण्याजवळील आकुर्डी येथे बनलेल्या बजाज स्कूटरीवर वाढलेल्या पिढीला प्लग साफ करणे व पेट्रोलात तेल मिसळणे ठाऊक होते. टॅपेट ही गोष्ट बुलेट बाळगणाऱ्यांची समजली जाई.

हा खंड १९८५ मध्ये हिरो होंडा कंपनीच्या सीडी १०० या मोटारसायकलीने संपू लागला. तिच्या एंजिनाचे मूळ जपानमधील होंडा कंपनीने १९५८ मध्ये काढलेल्या सुपर कब या लहान गाडीच्या परंपरेत आहे. आरंभी ढकलदांड्याचे असलेले हे एंजिन १९६० नंतरच्या दशकात माथ्यावरील कॅमचे झाले. कॅम वर आल्याने ढकलदांडा गेला, साखळी आखूड झाली व मोकळीक ०·०५ मिमी. इतकी कमी ठेवता आली. एवढ्या बारीक फटीत थोडीही चूक प्रमाणाने मोठी ठरते. धूर व प्रदूषण यांवरील निर्बंध १९९६ व २००० मध्ये कडक झाल्यावर दोन धावांची एंजिने मागे पडली आणि टॅपेट लावणे हे गल्लीतील प्रत्येक दुरुस्तीवाल्याचे नित्याचे काम झाले.

स्वयंचलित जुळवणी व तिच्या मर्यादा : मोकळीक हाताने जुळविण्याची गरजच नाहीशी करण्याचे प्रयत्न जुने आहेत. अमेरिकेतील कॅडिलॅक कंपनीने १९३० मध्ये सोळा सिलिंडरांच्या मोटारीत तेलाच्या दाबाने फट सतत भरून काढणारी योजना वापरली. पुढे मोठ्या मोटारींत तेलदाबाचे उचलक सर्रास आले. मात्र त्यांना दाबाखाली स्वच्छ तेल अखंड मिळावे लागते. बहुतेक लहान एंजिनांत तेलाचा पंपच नसतो; फिरणारा चमचा तेल उडवितो व त्यावरच वंगण होते. होंडा कंपनीच्या १९८३ पासूनच्या जीएक्स मालिकेतील एंजिने याच प्रकारची आहेत. त्यांपैकी सु. १६३ घ. सेंमी. धारणेच्या एंजिनाची मोकळीक चूषण झडपेस ०·१५ मिमी. व निष्कास झडपेस ०·२० मिमी. असून ती आजही पात्याने मोजून पान्यानेच जुळवावी लागते.

अधिक गतीच्या एंजिनांत निराळे मार्ग अवलंबिले गेले. जपानमधील कावासाकी झेड १ (१९७२) या मोटारसायकलीत वाटीच्या आकाराच्या उचलकावर ठराविक जाडीच्या चकत्या ठेवून मोकळीक साधली होती. अशी फट वारंवार बदलत नाही. पण बदलली, की योग्य जाडीची चकती मिळवावी लागते. इटलीतील डुकाटी कारखान्यात फाब्यो ताल्योनी यांनी १९५६ मध्ये शर्यतीच्या १२५ घ. सेंमी. एंजिनात झडप उघडण्याप्रमाणे मिटविण्याचे कामही कॅमकडे दिले. त्यामुळे उच्च गतीला स्प्रिंग मागे पडण्याचा धोका टळला. पण प्रत्येक झडपेमागे एकाऐवजी दोन मोकळिकी जुळविण्याची पाळी आली.

बुलेटच्या वंशातील बदल या दृष्टीने बोलका आहे. २००८ नंतरच्या एकसंध बांधणीच्या एंजिनांत रॉयल एन्फील्डने तेलदाबाचे उचलक बसविले व हाताची जुळवणी बंद झाली. २०२० मधील माथ्यावरील कॅमच्या नव्या एंजिनात मात्र कंपनी पुन्हा हाताने जुळवावयाच्या मोकळिकीकडे वळली. जुनी रीत केवळ जुनी म्हणून टाकाऊ ठरत नाही. साधेपणा, किंमत व गती यांचा हिशेब बदलला, की ती परत येते.

विजेवर चालणाऱ्या दुचाकी व विहिरींवरील विद्युत् आणि सौर पंप यांना झडपा नाहीत. त्यांचा प्रसार होईल तसतसे हे काम कमी होत जाईल. तथापि फवारणी यंत्रे, नांगरणीची लहान यंत्रे, जनित्रे, मासेमारीच्या होड्या आणि रस्त्यावरील कोट्यवधी दुचाकी यांतील एंजिने अद्याप चालू आहेत. त्यांच्या मालकांच्या दृष्टीने मोकळीक तपासणे हे एंजिन खोलावे न लागता करता येणाऱ्या दुरुस्तींपैकी सर्वांत स्वस्त काम आहे. ते टाळल्यास जळलेली झडप, नवी बैठक व खोळंबलेले काम यांचा खर्च त्याच्या कितीतरी पट होतो.